पथ्य सुटते ते कोणामुळे?

गोमंतकात दर चार प्रौढ माणसांमागे एकाहून किंचित अधिक माणसांना मधुमेह आहे, हे वाक्य आता कोणाला दचकवीतही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाले, तेव्हा देशाची सरासरी ११.४ टक्के असताना गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे साऱ्या राज्यांत सर्वाधिक, असल्याचे दिसून आले. चार दिवस चर्चा झाली, कोणी फेणीला दोष दिला, कोणी नारळाला, कोणी रक्तातल्या वारशाला, आणि मग विषय मागे पडला. त्याआधीच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही गोव्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी तिघींमागे एकीहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे नोंदले गेले होतेच. वाढते वजन आणि मधुमेह यांचे नाते आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच, की वजन उतरविण्यासाठी डॉक्टरांनी घालून दिलेले पथ्य आमच्याकडे दोन-तीन महिन्यांत सुटते ते का.

या प्रश्नाचे ठरीव उत्तर असे, की रुग्ण पथ्य पाळत नाहीत. त्यांना जिभेवर ताबा नाही, त्यांना गांभीर्य नाही, सांगून सांगून थकलो. डॉक्टरमंडळींशी बोलताना हे उत्तर हटकून ऐकावयास मिळते, आणि गंमत अशी, की रुग्णही ते मान्य करतात. ‘माझ्याच्याने होत नाही’ असे म्हणून मान खाली घालतात आणि पुढच्या तपासणीला येतच नाहीत. आमचे मत याहून निराळे आहे. पथ्य सुटण्याचा दोष बहुतेक वेळा पथ्य देण्याच्या रीतीत असतो, आणि तो रुग्णाच्या माथी मारून आपण सारे मोकळे होतो.

आमच्या परिचयाच्या फोंडा तालुक्यातील एका गृहिणीचे उदाहरण घ्या. वय पंचेचाळीस, वजन ऐंशी किलो, नुकताच निघालेला मधुमेह. एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत अडीच तास उभे राहिल्यावर त्यांच्या वाट्याला डॉक्टरांची चार-पाच मिनिटे आली. ‘वीस किलो कमी करा, भात सोडा, नारळ बंद’ असे सांगून एक छापील कागद त्यांच्या हातात ठेवण्यात आला. त्या कागदावर सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके आणि ब्रोकोलीची भाजी, रात्री ऑलिव्ह तेलातले सॅलड असा दिनक्रम होता, आणि तोही इंग्रजीत. त्या बाईंनी तो कागद भक्तिभावाने फ्रिजच्या दारावर चिकटवला. तीन आठवडे त्यांनी घरच्या सात माणसांचे जेवण रांधून स्वतःसाठी वेगळे काहीतरी उकडले. चौथ्या आठवड्यात घरात पाहुणे आले. त्यानंतर तो कागद तिथेच राहिला, पण त्याच्यावर दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी लागली.

यात त्या बाईंचा अपराध कोणता? ज्या अन्नाला त्यांच्या स्वयंपाकघरात जागा नाही, जे गावच्या बाजारात मिळत नाही आणि मिळाले तर परवडत नाही, ते अन्न महिनाभर खाणे ही चिकाटीची नव्हे, चमत्काराची गोष्ट आहे. उकड्या तांदळाची पेज, शीत आणि हुमण, आळसांद्याचे तोंडाक, पोदेराची पोई, संध्याकाळचा भाजी-पाव, रात्री उरलेले हुमण आटवून केलेले सुके: हा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांचे पथ्य याच पदार्थांतून काढले पाहिजे. आणि ते काढता येते. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, हे खरे. पण म्हणून भात सोडण्याची गरज नाही, मुदीचा आकार ठरविण्याची गरज आहे. बांगडा, तारले, कोळंबी यांत प्रथिने भरपूर. शंभर ग्रॅम बांगड्यातून सुमारे १९ ग्रॅम मिळतात. तोच बांगडा रवा लावून तेलात सोडला, की गणित बदलते, कारण चमचाभर तेलाचे शंभराहून अधिक किलोकॅलरी त्यात मिसळतात. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममागे साडेतीनशे ते साडेचारशे किलोकॅलरी धरतात. तेव्हा ‘नारळ बंद’ असे फर्मान काढण्यापेक्षा सात माणसांच्या हुमणाला अख्ख्या नारळाऐवजी अर्धा नारळ घालून पाहा, असे सांगणारा आहारतज्ज्ञ त्या घरात अधिक काळ ऐकला जाईल. नारळ बंद करा असे गोमंतकीय माणसाला सांगणे म्हणजे त्याला जेवू नको असे सांगणे होय. तो ते ऐकून घेतो आणि घरी जाऊन नारळ वाढवतो.

कोणी म्हणेल, शास्त्राला जे योग्य तेच सांगितले पाहिजे, चवीपुढे शास्त्र वाकवायचे काय? तर शास्त्रच काय म्हणते ते पाहू. अमेरिकेत बॉस्टन येथे १६० स्थूल व्यक्तींना चिठ्ठ्या टाकून चार नामांकित आहारपद्धतींत वाटून देण्यात आले. एक पद्धत पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करणारी, एक स्निग्ध पदार्थ वर्ज्य करणारी, दोन मधल्या. वर्षअखेर चारही गटांच्या वजनातील घट सारखीच, म्हणजे सरासरी दोन ते साडेतीन किलोच्या आत-बाहेर, भरली. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फरक पडला तो पद्धतीने नव्हे, तर कोणी आपली पद्धत किती निष्ठेने पाळली यावरून. अत्यंत कडक अशा दोन पद्धतींतून निम्म्याच्या आसपास लोक वर्षाच्या आत गळाले होते, तर तुलनेने सौम्य पद्धतींतून सुमारे एक तृतीयांश. म्हणजे सर्वोत्तम पथ्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर ‘जे त्या माणसाकडून वर्षानुवर्षे पाळले जाईल ते’ असे शास्त्रच देते. आमच्या माणसाकडून पाळले जाणारे पथ्य हुमणाच्या वाटीतूनच जाणार, हे कळावयास फार विद्वत्ता लागू नये.

दुसरी गोष्ट उद्दिष्टाची. ऐंशी किलोच्या बाईंना वीस किलोचे लक्ष्य देणे हे त्यांना पहिल्याच दिवशी नापास करणे होय. शरीराचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी जरी उतरले तरी रक्तातील साखर, रक्तदाब आणि चरबी यांत लक्षणीय सुधारणा होते, हे आज सर्वमान्य आहे. ऐंशी किलोच्या हिशेबाने हे चार ते आठ किलो झाले. चार किलो उतरलेल्या बाईंना ‘शाबास’ म्हणून पाठ थोपटून घेण्याचा हक्क आहे; आपल्याकडे त्यांना ‘अजून सोळा राहिले’ असे ऐकविण्यात येते. अधिक वजन उतरवून अधिक लाभ होतो हेही खोटे नाही. ब्रिटनमधील एका प्रयोगात सुमारे साडेआठशे किलोकॅलरीचा द्रवाहार कित्येक आठवडे देऊन मग हळूहळू अन्नावर आणलेल्या मधुमेही रुग्णांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभराने औषधाविना आटोक्यात होता, असे २०१७ मध्ये दिसून आले. पण तेथे प्रत्येक रुग्णामागे प्रशिक्षित परिचारिका वा आहारतज्ज्ञ वर्षभर उभी होती. तो आहार उचलून आणायचा आणि ती परिचारिका तिथेच ठेवायची, असा व्यवहार चालत नाही.

आता शरीराकडे वळू, कारण चिकाटीच्या प्रवचनांत या बिचाऱ्या शरीराची बाजू कोणी मांडत नाही. वजन उतरू लागले, की देहाला वाटते दुष्काळ पडला. तो कमी इंधनात चालू लागतो आणि भूक वाढवितो. मेलबर्न येथे पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून वजन उतरविण्यात आले, आणि वर्षानंतर तपासले तेव्हाही त्यांच्या रक्तातील भुकेशी संबंधित द्रव्ये मूळ पातळीवर आलेली नव्हती. भूकही पूर्वीपेक्षा अधिक लागत होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा, की वजन उतरवून तेथेच ठेवू पाहणारा माणूस शेजाऱ्यापेक्षा अधिक भुकेला असतो. तो जिभेचा गुलाम नाही. त्याचे स्वतःचे शरीरच त्याच्याविरुद्ध उभे आहे. ही एक गोष्ट पहिल्याच भेटीत समजावून सांगितली, तर तीन महिन्यांनी काटा अडला म्हणजे रुग्णाला आपण पापी आहोत असे वाटणार नाही, आणि तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढेल.

पथ्य सुटण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सरळसरळ वैद्यकीय हलगर्जीचे आहे. ज्या मधुमेह्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतात, त्यांनी आहार कमी केला आणि औषध मात्र पूर्वीच्याच मात्रेत ठेवले, तर साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. घरची माणसे घाबरून साखरपाणी पाजतात आणि ‘हे डाएट-बिएट पुरे’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. निकाल चुकीचा नसतो. चूक आहार आखताना औषधाची मात्रा न पाहणाऱ्याची असते. आहार बदलणाऱ्या अशा प्रत्येक रुग्णाचे औषध त्याच वेळी डॉक्टरांकडून तपासून घेतले गेले पाहिजे. रुग्णांनीही आपल्या मनाने गोळ्या कमी-जास्त न करता, आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता घराकडे येऊ. आमच्या समाजात कोणी एकटा जेवत नाही, म्हणून कोणी एकटा पथ्यही पाळू शकत नाही. पथ्य पुरुषाला असले तर त्याच्यासाठी वेगळे शिजते, सून किंवा पत्नी ते निमूटपणे करते. पथ्य बाईला असले तर तिच्यासाठी वेगळे कोण शिजवणार? ती सर्वांच्या मागून बसते, उरलेले वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातले संपवते, आणि वजन वाढल्याचा ठपकाही तिच्यावरच येतो. डॉक्टरांनी रुग्णाबरोबर घरातील आणखी एका माणसाला, शक्य तर चूल सांभाळणाऱ्याला आणि पुरुषाला पथ्य असेल तर त्याच्या पत्नीला नव्हे तर दोघांनाही, समोर बसवून बोलले पाहिजे. पूर्वी गावचा वैद्य घरी येत असे. त्याच्या औषधांविषयी आम्हांला भाबडा अभिमान नाही, पण त्या घरात काय शिजते, सासू कोण, पाहुणे कधी येतात हे त्याला ठाऊक असे, आणि पथ्य सांगताना तो ते धरून सांगे. आजच्या यंत्रणेला रक्तातील साखरेचा तीन महिन्यांचा इतिहास एका नळीतून कळतो, मात्र घरात नारळ किती खरवडला जातो ते कळत नाही.

आणि मग येते चतुर्थी. गोमंतकीय हिंदू माणसाला चवथ म्हणजे काय हे सांगावयास नको. नेवऱ्या, मोदक, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, खतखते, मणगणे यांचा दरवळ साऱ्या घराला व्यापतो. थोरली आजी ताट पुढे करीत म्हणते, ‘गे बाय, एक नेवरी खाल्ली म्हूण कितें जातलें?’ खरेच, एका नेवरीने काही होत नाही. होते ते असे, की रुग्णाने नेवरी खाल्ली म्हणजे पथ्य मोडले असे तो मानतो, आणि पथ्य मोडलेच आहे तर चार खाऊया म्हणतो, आणि चवथ संपली तरी ते मोडलेलेच राहते. वर्षभराचे पथ्य सणाच्या चार दिवसांत सुटत नाही. सणानंतरच्या लाजेत सुटते. म्हणून सणाची तरतूद पथ्यातच असावी. पातोळी किती, मणगणे किती, त्या दिवशी भात किती कमी, हे आधी ठरवून दिले तर रुग्ण आजीचे मनही मोडणार नाही आणि स्वतःशीही खोटे बोलणार नाही. जत्रेचे खाजे आणि देवळातील महाप्रसाद यांनाही हाच न्याय लावता येईल. प्रसाद नाकारा असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञाचे येथे कोणी ऐकणार नाही, आणि आमच्या मते ऐकूही नये.

उपवासाबद्दल मात्र आम्ही थोडे कठोर बोलू. सोमवार, एकादशी, संकष्टी यांच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू खाऊन ‘आज काही खाल्ले नाही’ असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममागे तांदळाइतकीच ऊर्जा, आणि प्रथिने नावालाही नाहीत. ताक, फळ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे यांवर एकादशी काढली तर देव रागावत नाही. मधुमेह्याने मात्र औषधाचा विचार केल्याशिवाय निरंकार उपवास करूच नये.

इथे एका सोप्या साधनाचा उल्लेख करावासा वाटतो. ते म्हणजे वही. आपण दिवसभरात काय खाल्ले हे दररोज लिहून ठेवणे. अमेरिकेत सुमारे सतराशे लोकांच्या एका अभ्यासात, आठवड्यातील बहुतेक दिवस अशी नोंद ठेवणाऱ्यांचे वजन, नोंद क्वचित ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरल्याचे २००८ मध्ये आढळले. जे अधिक चिकाटीचे तेच लिहितात, असाही याचा एक अर्थ लागेल. तरी लिहिण्याचा खर्च एका पेन्सिलीचा आहे. किराणा दुकानातील उधारीची वही आमच्या लोकांना परकी नाही. पण वही भरून आणल्यावर ती कोणीतरी वाचली पाहिजे, आणि ओरडण्यासाठी नव्हे तर ‘संध्याकाळच्या भज्यांऐवजी काय जमेल?’ असे विचारण्यासाठी वाचली पाहिजे. ज्या रुग्णाला वहीवरून बोलणी खावी लागतात तो दुसऱ्या भेटीला खोटी वही आणतो.

तेव्हा सारे येऊन ठेपते ते भेटींवर. अमेरिकेतील ज्या मोठ्या प्रयोगात वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे एवढ्यावर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, आणि मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनीच, त्या प्रयोगाची आकडेवारी २००२ पासून आमचे तज्ज्ञ व्याख्यानांतून सांगत आले आहेत. त्यातील एक तपशील मात्र व्याख्यानांत येत नाही: तेथे प्रत्येक व्यक्तीला पहिल्या सहा महिन्यांत सोळा समोरासमोरच्या भेटी मिळाल्या होत्या. आपल्याकडे चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आहार-व्यायामाच्या सल्ल्याने हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. तेथेही रुग्णाशी दूरध्वनीवरून नियमित संपर्क होता. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच दाखवून दिले, की मोबाइलवर आठवड्यातून काही छोटे संदेश पाठविण्यानेही दोन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येते. या शेवटच्या अभ्यासात वजन हा मुख्य प्रश्न नव्हता हे खरे, परंतु विचारपूस करणारे कोणीतरी आहे या भावनेची ताकद त्यातून कळते. गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे बहुतेक घरांत मोबाइल पोचला आहे आणि गावोगाव आरोग्य केंद्रे आहेत, हे अशक्य का असावे?

वजन उतरविणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा बोलबाला आता आपल्याकडेही आहे. २०२५ पासून ती भारतातील औषधविक्रेत्यांकडे मिळू लागली, आणि ‘पथ्य कशाला, सुई घ्या’ असे म्हणणारेही भेटू लागले. योग्य रुग्णाला ती औषधे जरूर द्यावी. त्यांचा उपयोग होतो यात शंका नाही. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले आहे. सुईनेही भुकेची बाजू तात्पुरती सांभाळली जाते; ताटात काय वाढायचे हे घरालाच ठरवावे लागते. शिवाय भूक मेल्यावर पेजेच्या दोन घोटांवर दिवस काढणाऱ्या वयस्क माणसाला प्रथिने पुरेशी मिळतात की नाही, हे पाहणारा आहारतज्ज्ञ तेव्हा अधिकच लागतो.

आमच्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आहारतज्ज्ञ बसावा आणि त्या दिवसाची पाटी दारावर लागावी. पथ्याचा कागद मराठीत आणि कोंकणीत असावा, त्यावर उकड्या तांदळाच्या पेजेचे, हुमणाचे, पोईचे माप वाटी-चमच्यांत लिहिलेले असावे. कंबर आणि वजन मोजून वहीत नोंदवावे. आशियाई शरीरयष्टीला बॉडी मास इंडेक्सची २३ ही सीमा आणि कमरेची पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सीमा लावतात, हे रुग्णाला सांगावे, म्हणजे ‘मी तसा जाड नाही’ या समजुतीला आवर बसेल. भेटीला न आलेल्या रुग्णाला परिचारिकेने एक फोन करावा, आणि त्यात ‘का आला नाहीत?’ ऐवजी ‘कसे आहात?’ असे विचारावे. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. उद्घाटनाची फीत कापावयास मिळत नाही एवढीच काय ती अडचण.

आरोग्य खात्याने निदान एका तालुक्यापासून, आणि चतुर्थीच्या आधी, याला सुरुवात करावी. सणाआधीच्या आठवड्यात एक भेट, सणानंतरच्या आठवड्यात दुसरी. त्या दुसऱ्या भेटीत काटा थोडा वर सरकलेला असेलच. आहारतज्ज्ञाने तो आकडा लिहून घ्यावा, भुवई न उंचावता, आणि मग घरात उरलेल्या नेवऱ्यांचा डबा अजून किती भरलेला आहे ते विचारावे.